क्यूच्या मुठीवरचे चामडे

गेल्या वर्षी आषाढात, सलग चार दिवस कोसळलेला पाऊस थांबल्यावर मी क्यूची, म्हणजे पूल खेळायच्या काठीची, पेटी उघडली, तेव्हा मुठीच्या चामड्यावर पांढुरकी बुरशी धरलेली होती. कोरड्या फडक्याने ती पुसत असताना बोटाखाली चामड्याची कड हलली आणि दोन इंच लांबीचा सांधा अलगद उघडला. खेळायला उभी राहिले तेव्हा कळले की ही उचललेली कड नेमकी मागच्या हाताच्या बोटांखाली येते. तिच्याकडे दुर्लक्ष करून मी तीन रॅक, म्हणजे डाव, खेळले, आणि तिसरा रॅक संपेपर्यंत माझ्या ध्यानात आले की माझे लक्ष चेंडूवर नसून त्या कडेवर आहे आणि मूठ नकळत घट्ट आवळली जात आहे. मूठ आवळली की क्यू सरळ रेषेत जात नाही, हे पूल खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

हा क्यू मला माझ्या थोरल्या मामेभावाने दिला. दादा जहाजावर नोकरीला आहे, म्हणजे गोव्याच्या भाषेत तारवटी. अमेरिकेतल्या एका बंदरात त्याने तो घेतला, सात-आठ वर्षे वापरला आणि मग एका रजेत डिचोलीच्या घरी माझ्या हातात ठेवला. मेपल लाकडाचा, ५८ इंच लांबीचा, मध्यभागी जोड असलेला दोन तुकड्यांचा क्यू. वजन १९ औंस, म्हणजे सुमारे ५४० ग्रॅम. त्याच्या मागच्या तुकड्यावर सुमारे १२ इंच लांबीची उथळ खाच कोरलेली असते आणि त्या खाचेत चामडे बसवलेले असते. खेळणारे त्याला रॅप म्हणतात. हा रॅप शोभेसाठी आहे असे मला बरीच वर्षे वाटत होते. प्रत्यक्षात तो हाताचा घाम शोषून घेतो, गुळगुळीत वॉर्निशवर हात चिकटण्याचे किंवा घसरण्याचे टाळतो आणि हलक्या मुठीने क्यू धरता येईल एवढीच पकड देतो. किनाऱ्यालगतच्या दमट हवेत, पंख्याखाली उभे राहून खेळणाऱ्या माणसाला या तिन्ही गोष्टींची किती गरज असते हे वेगळे सांगायला नको.

पणजीतल्या एका दुकानात विचारले तर क्यूची टिप, म्हणजे चेंडूला लागणारे टोक, बदलून मिळेल, रॅप बदलून मिळणार नाही, असे उत्तर मिळाले. याचे कारण बहुधा आपल्या खेळाच्या परंपरेत आहे. स्नूकर १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने सुरू केला, आणि पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेतेपद मिळवले. म्हणजे या देशाचे नाते प्रथम स्नूकर आणि बिलियर्ड्सशी जडले. त्या खेळांचे क्यू साधारणपणे अ‍ॅश लाकडाचे असतात आणि त्यांच्या मुठीवर काहीच गुंडाळलेले नसते, हात थेट लाकडावर असतो. त्यामुळे क्यू दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसांच्याही हाताखालून चामड्याचा रॅप सहसा जात नसावा. काम मलाच करावे लागणार हे स्पष्ट झाले.

जुने चामडे काढणे हा मला सोपा वाटलेला भाग होता आणि तो खरोखर सोपा निघाला, फक्त घाई न केल्यामुळे. खाचेच्या दोन्ही टोकांना वॉर्निशवर कागदी चिकटपट्टी दोन पदर गुंडाळली, केस वाळवण्याच्या यंत्राने चामडे हाताला सोसेल इतपतच गरम केले आणि उघडलेल्या सांध्यापासून ते सावकाश सोलत गेले. उष्णता जास्त झाली तर शेजारचे वॉर्निश फुगते, आणि मुठीच्या टोकांना असलेल्या सजावटीच्या कड्या सैल होण्याची भीती असते. लाकडावर पिवळसर, रबरासारखा चिकट थर उरला. तो काढण्यासाठी काही लोक अ‍ॅसिटोन वापरतात, पण अ‍ॅसिटोनचा एक ओघळ वॉर्निशवर गेला तर ते विरघळते, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही. मला उपयोगी पडली ती म्हापशाच्या बाजाराजवळ बसणाऱ्या चपला दुरुस्त करणाऱ्या काकांनी सांगितलेली युक्ती: चपलेच्या क्रेप तळव्याचा तुकडा खोडरबरासारखा घासला की जुने सोल्यूशन, म्हणजे चिकटवण्याचे रबरी द्रावण, गोळ्या होऊन निघून येते. अर्ध्या तासात लाकूड स्वच्छ झाले.

सोललेले चामडे मी टेबलावर पसरून ठेवले आणि त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यावर दोन काळपट डाग होते. एक मागच्या टोकापासून चार इंचांवर, रुंद आणि गडद. दुसरा त्याच्या पुढे, लहान आणि फिकट. दादा माझ्यापेक्षा बराच उंच आहे आणि त्याचे हात लांब आहेत, त्यामुळे तो क्यू मागे धरत असे. मी तोच क्यू तीन बोटे पुढे धरते. दोघांच्या घामाने तेलकट झालेल्या त्या दोन जागा शेजारी शेजारी उमटल्या होत्या. ते चामडे मी टाकून दिले नाही. पुढे मोजमापासाठीही तेच कामाला आले.

नवे चामडे कोणते घ्यावे यावर मी नको इतका विचार केला असे कोणी म्हणेल, पण तो वाया गेला नाही. परदेशी महागड्या क्यूंवर सरड्याच्या कुळातल्या मोठ्या प्राण्यांचे खवलेदार कातडे लावलेले असते आणि ते दिसायला सुंदर असते यात शंका नाही. आमच्याकडे या कातड्याची आठवण वेगळ्या वस्तूशी जोडलेली आहे. चतुर्थीच्या आरतीला वाजणाऱ्या घुमट या मातीच्या वाद्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणून बसवत असत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात घोरपडीला पहिल्या अनुसूचीतले संरक्षण आहे, आणि आता घुमटाला बकऱ्याचे कातडे लावतात. डिचोलीच्या घरातले घुमटही तसेच आहे. आवाज बदलला अशी कुरकूर मी लहानपणापासून ऐकत आले आहे, तरीही जे आपण देवापुढच्या घुमटासाठी सोडले ते खेळाच्या काठीसाठी आणावे, हे मला पटण्यासारखे नव्हते. गायीच्या कातड्यावर खवल्यांचा ठसा उमटवलेले चामडेही मिळते. तो मार्ग निर्दोष आहे, पण मला साधे, गुळगुळीत चामडे हवे होते.

काकांनी माझ्यासमोर दोन तुकडे ठेवले. एक पर्ससाठी वापरतात तसले रासायनिक पद्धतीने, क्रोमने कमावलेले मऊ काळे चामडे. दुसरे चपलेच्या वरच्या पट्ट्यांसाठी घाटावरून आणलेले बकऱ्याचे पातळ कातडे, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले, बिस्किटाच्या रंगाचे. क्रोमचे चामडे पाण्याला घाबरत नाही, पण ते ओले करून घासले तरी लाकडावर दबून आकार घेत नाही. झाडाच्या सालीने कमावलेले कातडे ओलसर असताना मातीसारखे ऐकते: जिथे दाबाल तिथे दबते आणि वाळल्यावर तसेच राहते. खाचेत पातळीला पातळी मिळवायची असेल तर हा गुण मोलाचा आहे. आम्ही कोकणीत बोलत होतो, काकांचे म्हणणे मराठीत सांगायचे तर असे होते: “बाय, पाठीचा भाग घे, पोटाचा घेऊ नकोस. पोटाचे कातडे आज ताणशील तसे ताणेल आणि उद्या सैल पडेल.” कण्याच्या दिशेने कातडे कमी ताणले जाते आणि आडवे जास्त, म्हणून पट्टीची लांबी कण्याला समांतर ठेवली. लांबी स्थिर राहते आणि क्यूभोवती गुंडाळताना जरुरीपुरता ताण देता येतो. एक चुकला तर दुसरा असावा म्हणून काकांनी मला दोन रॅपपुरते कातडे दिले, आणि त्यांचा अंदाज बरोबर ठरला.

मोजमापात एक गोष्ट पहिल्याने फसवते. क्यू पुढून मागे जाडसर होत जातो, त्यामुळे गुंडाळायची पट्टी सरळ आयताकृती नसते. माझ्या क्यूच्या खाचेची लांबी ३०५ मिलिमीटर भरली. परीघ मोजण्यासाठी मी कागदाची अरुंद पट्टी गुंडाळून तिच्यावर टाचणी टोचली, पट्टी उलगडली आणि दोन भोकांमधले अंतर मोजपट्टीने मोजले. पुढच्या टोकाला ते ८५ मिलिमीटर होते, मागच्या टोकाला ९५. आयत कापला असता तर मागे एक सेंटीमीटर फट पडली असती. तेव्हा दोन्ही बाजूंनी प्रत्येकी पाच मिलिमीटर उतार द्यायचा आणि कडेला कापण्यासाठी थोडे जास्त चामडे ठेवायचे.

यानंतर जाडी. मला विचाराल तर या कामातली खरी कसोटी हीच आहे, आणि हिच्याकडेच कमी लक्ष दिले जाते. खाच ०.८ मिलिमीटर खोल होती आणि कातडे १.१ मिलिमीटर जाड. तीन दशांश मिलिमीटर ही ऐकायला क्षुल्लक गोष्ट आहे, परंतु लाकडावरून चामड्यावर सरकणाऱ्या हाताला ती पायरीसारखी लागते, शिवाय उंच राहिलेली कड पेटीत ठेवता-काढताना घासून सुटू लागते. उलट चामडे पातळ झाले तर दोन्ही टोकांना लाकडाची धार हाताला बोचते आणि तिच्यात घाम व क्यूच्या टोकाला लावायच्या खडूची निळी भुकटी साचते. म्हणून स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या गुळगुळीत फरशीवर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला आणि कातड्याची आतली, मांसाकडची बाजू त्यावर हळूहळू घासत गेले. दर काही फेऱ्यांनी व्हर्नियरने जाडी पाहायची, पाच-सहा ठिकाणी पाहायची, कारण हात नकळत एका टोकाला जास्त दाब देतो. ०.९ वर थांबले. उरलेला एक दशांश ओले कातडे दाबून घासताना बसतो. या कामाला एक पूर्ण संध्याकाळ लागली आणि घरभर तपकिरी धूळ झाली. नाकाला रुमाल बांधणे आवश्यक आहे.

पहिला प्रयत्न श्रावणात केला आणि तो फसला. चपलेचे तळवे चिकटवण्याचे रबरी सोल्यूशन लाकडावर आणि चामड्यावर लावले, नियमाप्रमाणे दोन्ही थर कोरडे होण्याची वाट पाहिली आणि मग पट्टी गुंडाळली. या सोल्यूशनचा स्वभाव असा की दोन्ही थर एकमेकांना टेकले की जागच्या जागी धरतात, सरकवून नीट करायला वाव राहत नाही. माझी पट्टी दीड मिलिमीटर तिरकी गेली. पण त्याहून मोठी चूक हवामानाची होती. त्या दिवशी बाहेर पाऊस होता आणि खिडकी उघडी होती. सोल्यूशनमधला द्रव उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, आणि हवेत ओलावा भरलेला असेल तर त्या थंड पृष्ठभागावर दवासारखे पाणी जमते; थर दुधट दिसू लागतो आणि नीट चिकटत नाही. तो दुधट रंग मी पाहिला होता आणि त्याचा अर्थ मला कळला नव्हता. दहा दिवसांत सांधा मागच्या टोकाकडून उघडला. मी तो काकांना दाखवला, तेव्हा त्यांनी चामडे न पाहता मला पहिला प्रश्न विचारला की हे कोणत्या दिवशी चिकटवले. पावसात ते स्वतः सोल्यूशन लावलेला तळवा विजेच्या दिव्याखाली धरून गरम करतात, मगच दाबतात, हे मी त्यांच्याकडे इतक्या वेळा बसूनही पाहिलेले नव्हते.

मग मी थांबायचे ठरवले. क्यूचे उघडे लाकूड पुन्हा स्वच्छ केले, त्याच्याभोवती प्लॅस्टिकची पातळ फिल्म घट्ट गुंडाळली, कारण वॉर्निश नसलेले लाकूड हवेतला ओलावा पिते, आणि पेटीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हे काम त्या काळात करू नये, करावेच लागले तर बंद खोलीत हवा कोरडी करून करावे, असे माझे ठाम मत झाले आहे. नवरात्र झाल्यावर, ऊन नीट पडू लागले तेव्हा दुसरी पट्टी घेतली.

या वेळी पाण्याने पुसता येणारा पांढरा गोंद घेतला, सुतार वापरतात त्यांतला ओलाव्याला टिकणारा प्रकार. तो धरायला वेळ घेतो आणि तेवढ्या वेळात पट्टी इकडे तिकडे सरकवता येते. कातडे ओल्या स्पंजने आधी फक्त दमट केले, म्हणजे गोंदातले पाणी ते एकदम शोषून घेत नाही. इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी: हिरडा-बाभळीने कमावलेले कातडे ओले असताना त्याला लोखंड लागू देऊ नये. कातड्यातल्या तुरट द्रव्याची लोखंडाशी क्रिया होऊन निळे-काळे डाग पडतात आणि ते जात नाहीत. माझी मोजपट्टी स्टीलची होती, तरी तिला साधी लोखंडी समजून मी प्लॅस्टिकचा तुकडा गुंडाळूनच ती वापरली.

सांधा जुळवण्याच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे दोन्ही कडा आधीच अचूक मापाने कापून समोरासमोर आणायच्या. यंत्राने कापणाऱ्या कारागिराला ते साधते. दुसरी रीत घरी काम करणाऱ्याला जास्त विश्वासाची: गोंद कडेपासून बोटभर आधी थांबवायचा, चामडे गुंडाळून दोन्ही कडा एकमेकींवर चढू द्यायच्या, खाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवायची म्हणजे लाकडाला धार लागत नाही, आणि पोलादी पट्टीच्या आधाराने दोन्ही पदर एकाच कापात कापायचे. एकाच धारेने कापल्यामुळे दोन्ही कडांना सारखेच वळण येते, हात किंचित हलला तरी दोन्ही कडा सारख्याच हलतात आणि जुळतात. हा काप मी काकांच्या रापीने, म्हणजे चामडे कापायच्या हत्याराने, घेतला. रापी वापरण्याची मला सवय नाही, म्हणून मी आदल्या दिवशी त्यांच्या शेजारी बसून टाकाऊ कातड्यावर वीस-पंचवीस काप घेतले होते. धार सतत पुढे जात राहिली पाहिजे. मध्ये थांबलो की त्या जागी खाच दिसते. माझ्या सांध्यात ती एका ठिकाणी दिसते, मागच्या टोकापासून दोन इंचांवर.

कापलेल्या पट्ट्या काढून उरलेल्या भागाला गोंद लावला, कडा एकमेकींना भिडवल्या, वर बटर पेपर गुंडाळला आणि त्यावरून सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटे रुंद पट्टी ताणून, मधून दोन्ही टोकांकडे अशी गुंडाळत नेली. ट्यूबने दाब सर्व बाजूंनी सारखा पडतो, जो कोणत्याही शिकंज्याने गोल वस्तूवर पडत नाही. बटर पेपर विसरू नये, नाहीतर रबराचा काळा रंग फिकट कातड्यावर उतरतो. दोन तासांनी एकदा सोडून पाहिले, सांध्यावर आलेला गोंद दमट फडक्याने पुसला, कातडे अजून ओलसर असतानाच चमच्याच्या गुळगुळीत पाठीने, अर्थात कागद मध्ये ठेवून, दोन्ही टोकांच्या कडा खाचेत दाबल्या आणि पुन्हा ट्यूब बांधली. २४ तास त्याला हात लावला नाही.

उघडल्यावर डोळे मिटून बोट लाकडावरून चामड्यावर आणि चामड्यावरून पुन्हा लाकडावर फिरवले. पुढच्या टोकाला बदल फक्त उबेने कळत होता, उंचीने नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर जुना रॅप १७ ग्रॅम भरला होता. त्याच मापाचा नवा तुकडा लावण्यापूर्वी १९. दोन ग्रॅमचा फरक मला खेळताना कधी जाणवला नाही. शेवटी मधमाश्यांच्या मेणाचा अगदी पातळ हात दिला आणि सुती फडक्याने चकाकी येईपर्यंत घासले. घरातल्या वडीलधाऱ्यांनी खोबरेल तेल सुचवले होते, कारण आमच्याकडे बहुतेक गोष्टींवर तोच उपाय असतो. पण तेल कातड्यात खोल मुरते, ते काळवंडते, मऊ पडते, आणि गोंदाचीही पकड ढिली होण्याचा संभव असतो. मेण वरच राहते.

आता पेटीत सिलिका जेल असते, खेळ संपल्यावर मूठ कोरड्या फडक्याने पुसली जाते आणि ती सुकल्याशिवाय पेटी बंद होत नाही. या वर्षीच्या पावसात बुरशी एकदाही आली नाही.

दादा फेब्रुवारीत रजेवर आला होता. तेव्हा रॅपला चार महिने झाले होते आणि माझ्या हाताची जागा नुकतीच तपकिरी होऊ लागली होती. आम्ही पणजीला खेळायला गेलो, क्यू मी त्याच्या हातात दिला. त्याने तो काही न बोलता फिरवून पाहिला, अंगठ्याच्या नखाने सांधा शोधला, मागच्या टोकाजवळची ती चुकलेली जागाही शोधली, आणि “काकांची रापी का?” एवढेच विचारले. मग वाकून त्याने पहिला फटका घेतला, तेव्हा त्याची मूठ माझ्या डागाच्या तीन बोटे मागे, अजून बिस्किटाच्याच रंगाच्या कातड्यावर होती.